भाषेचे अभ्यंगस्नान

इतिहासाच्या पुस्तकात तलवारीला मानाचे पान असते, तोफेला असते, तहनाम्यालाही असते. लाटण्याला ते कोणी दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि तरी १९१६ सालच्या जानेवारीत, कॅनडाची राजधानी असलेल्या ओटावा शहरात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, काही गृहिणी लाटणी आणि टोपीत खोवायच्या लांबलचक पिना हाती घेऊन एका प्राथमिक शाळेच्या दाराशी उभ्या राहिल्या. समोर पोलीस आले. त्यांना आल्या पावली परत जावे लागले.

भांडण होते भाषेचे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने १९१२ साली एक नियम काढला होता. ‘सतरावा नियम’ या नावाने तो तिथल्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. फ्रेंच माध्यम पहिल्या दोन वर्षांपुरते, पुढे सारे शिक्षण इंग्रजीत, असा त्याचा मतलब. ओटावातल्या गीग शाळेत बेआत्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणी शिकवीत. त्यांनी हा नियम मानला नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. मुलांच्या आयांनी त्यांना पुन्हा शाळेत आणून बसवले आणि स्वतः दारावर पहारा केला. आत बहिणी फ्रेंच शिकवीत होत्या आणि बाहेर लाटणी राखण करीत होती! हा कडवा नियम १९२७ साली सरकारला सैल करावा लागला.

आता पन्नास वर्षे पुढे या. १९६५ सालचा सप्टेंबर. शेजारच्याच क्विबेक प्रांतात, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, मॉन्ट्रियल शहरासमोर सेंट लँबर्ट नावाचे एक टुमदार उपनगर आहे. तिथल्या बालवर्गात सव्वीस मुले येऊन बसली. घरची भाषा इंग्रजी, आईबाप इंग्रजी बोलणारे. पण वर्गातल्या बाई पहिल्या दिवसापासून फक्त फ्रेंच बोलू लागल्या. आणि हे कोणा सरकारने लादलेले नव्हते. या मुलांच्या आईबापांनी दोन वर्षे शिक्षण मंडळाचे उंबरठे झिजवून ते मिळवले होते.

एका गावी फ्रेंच आया आपली भाषा शाळेतून जाऊ नये म्हणून पिना उगारतात. दुसऱ्या गावी इंग्रजी आया ‘आमच्या मुलांना फ्रेंचमध्ये बुडवा’ म्हणून अर्ज करतात. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. त्या एकाच सत्याच्या दोन बाजू कशा, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

क्विबेक ही मूळची फ्रेंचांची वसाहत. १७५९ साली क्विबेक शहराबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने सारा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य गेले, पण माणसे राहिली, त्यांचे चर्च राहिले आणि त्यांची भाषा राहिली. पुढच्या दोनशे वर्षांत असा एक विचित्र संसार उभा राहिला की बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण पेढ्या, कारखाने आणि मोठ्या पगाराच्या खुर्च्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. मॉन्ट्रियलमध्ये तर सेंट लॉरेन्स रस्ता ही जणू सरहद्दच झाली होती. पूर्वेला बहुतेक फ्रेंच, पश्चिमेला बहुतेक इंग्रज. शाळाही धर्मावर वाटलेल्या. कॅथलिकांची मंडळे वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी. आणि फ्रेंच शाळा म्हणजे जवळजवळ सर्वस्वी कॅथलिक शाळा. एकाच गल्लीतली दोन मुले बर्फात बरोबर खेळत, पण शाळेची घंटा झाली की दोन दिशांना पांगत.

१९६० नंतर हे चित्र हलू लागले. झाँ लसाज यांचे सरकार आले आणि ज्याला तिथे ‘शांत क्रांती’ म्हणतात ती सुरू झाली. ‘आपल्या घरात आपण धनी’ ही घोषणा निघाली. सगळेच काही शांत नव्हते. १९६३ च्या मे महिन्यात मॉन्ट्रियलच्या वेस्टमाउंट या श्रीमंत इंग्रजी वस्तीत टपालपेट्यांमध्ये बॉम्ब सापडले. त्याच वर्षी दिल्लीच्या जागी ओटावा समजा, तसे तिथल्या मध्यवर्ती सरकारने द्विभाषिकतेचा विचार करायला एक शाही आयोग नेमला. आयोगाने जमाखर्च मांडला तेव्हा दिसले की क्विबेकमध्येच फ्रेंच वंशाच्या पुरुषांची मिळकत बहुतेक सर्व समाजांच्या खाली, जवळजवळ तळाशी आहे.

सेंट लँबर्टच्या काही समजूतदार आईबापांनी हे वारे ओळखले. १९६३ च्या शरद ऋतूत जेमतेम डझनभर मंडळी एकत्र आली. त्यांत ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तिघी पुढाकार घेणाऱ्या. त्यांची तक्रार अगदी साधी होती. आमची मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच शिकतात. रोजची एक छोटी तासिका असते, शिक्षकही बहुधा इंग्रजी मातृभाषेचे. मुले क्रियापदे चालवतात, शब्द पाठ करतात, परीक्षाही उतरतात, पण शेजारच्या फ्रेंच घरी जाऊन ‘चेंडू तुमच्या अंगणात पडला’ एवढे सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप! शाळेत ‘देव’ शब्द चालवलेल्या आणि संस्कृतात पाणी मागता न येणाऱ्या आपल्या पिढ्यांना ही तक्रार समजावून सांगायला नको.

भाषा ही विषय म्हणून शिकवण्याऐवजी तिच्यातूनच सारे विषय शिकवावेत, अशी त्यांची कल्पना. इंग्रजीत तिला ‘इमर्शन’ म्हणतात, म्हणजे बुडवणे, डुंबवणे. आपण तिला दिवाळीच्या दिवसांत भाषेचे अभ्यंगस्नान म्हणू या. पण शिक्षण मंडळाने कपाळाला आठ्या घातल्या. लहान वयात दोन भाषांचे ओझे टाकले की मूल गोंधळते, बुद्धी मंदावते, असाच त्या काळी अनेक पंडितांचा कौल होता.

इथे त्या मंडळींना दोन मोठ्या माणसांचा आधार मिळाला, दोघेही मॉन्ट्रियलचेच. पहिले डॉक्टर वाइल्डर पेनफिल्ड, मेंदूच्या शस्त्रक्रियेतले जगन्मान्य नाव. परभाषा शिकायची तर ती कोवळ्या वयातच, मेंदू लवचिक असताना शिकावी, असे ते आग्रहाने मांडत. दुसरे मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस लँबर्ट. गावाचे आणि त्यांचे नाव जुळावे हा निव्वळ योगायोग. त्यांनी एलिझाबेथ पील यांच्यासह १९६२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मॉन्ट्रियलमधली दहा वर्षांची मुले त्यांनी तपासली आणि दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले एकभाषी मुलांपेक्षा बुद्धीच्या चाचण्यांत मागे नसून पुढे आहेत, असे त्यांना आढळले. दोन्ही भाषा येणारी मुले मुळातच हुशार असतील, असा आक्षेप पुढे निघाला आणि तो रास्तही होता. पण ‘दोन भाषांनी मूल बिघडते’ या समजुतीचा पाया त्या अभ्यासाने खिळखिळा केला, हे खरेच.

शेवटी मंडळ कसेबसे राजी झाले. एकच वर्ग, तोही प्रयोग म्हणून. नोंदणी उघडली आणि काही मिनिटांतच जागा भरल्या. असा तो सव्वीस मुलांचा वर्ग सुरू झाला.

वर्गात काय चाले, हे आम्हा शिक्षकी पेशाच्या माणसांना मोठे कुतूहलाचे वाटते. बाईंना इंग्रजी समजत असे, पण त्या बोलत फ्रेंचच. मुले पहिल्या वर्षी आपापसात आणि बाईंशीही इंग्रजीत बोलत. त्यांना कोणी दटावत नसे. बाई हाताने दाखवीत, चित्रे काढीत, गाणी म्हणवून घेत, तेच वाक्य दहा प्रसंगांत दहा वेळा बोलत. ‘कोट काढा’ म्हणताना स्वतःचा कोट काढीत. तान्हे मूल आईजवळ भाषा शिकते ते असेच. आधी कान भरतात, मग ओठ हलतात. पहिल्या इयत्तेत लिहिणे, वाचणे, हिशेब सारे फ्रेंचमध्ये. इंग्रजी वाचन दुसऱ्या इयत्तेत आले, तेही दिवसातून थोडा वेळ. वरच्या इयत्तांत त्याचा वाटा वाढत गेला.

लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे परीक्षा घेतली. एका बाजूला इंग्रजी शाळांतली तशाच घरांतली मुले, दुसऱ्या बाजूला फ्रेंच शाळांतली मुले, आणि मध्ये ही आपली सव्वीस आणि त्यांच्या मागून आलेली पुढची तुकडी. निष्कर्ष १९७२ साली पुस्तकरूपाने आले. पहिल्या इयत्तेअखेर ही मुले इंग्रजी वाचनात मागे होती. आईबापांच्या छातीत धस्स झाले असेल तर नवल नाही. पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत ती बरोबरीला आली. गणित फ्रेंचमध्ये शिकूनही त्यांचे गणित कच्चे राहिले नाही. ऐकलेले फ्रेंच समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळ पोहोचली. बोलण्यात मात्र तितकी नाही.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. १९६९ साली कॅनडाने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा देणारा कायदा केला. कीथ स्पायसर हे पहिले भाषा आयुक्त. त्यांनी जमवलेल्या पालकांच्या परिषदेतून १९७७ साली ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी क्विबेकने आपला प्रसिद्ध एकशेएकावा कायदा करून फ्रेंचला प्रांताच्या व्यवहाराची भाषा केले. सव्वीस मुलांपासून निघालेला हा ओघ आज देशभर चार लाखांहून अधिक मुलांपर्यंत पोहोचला आहे. शाळा आणि घर या दोघांनी मिळून काय करायचे, याचा अनुभवही या काळात साठत गेला.

या अनुभवातला सर्वांत मनोरंजक धडा घरासाठी आहे. ज्या आईला स्वतःला फ्रेंचचा ओ की ठो कळत नाही, तिने मुलाचा अभ्यास कसा घ्यावा? तिची पहिली धडपड असते ती स्वतः मोडकेतोडके फ्रेंच बोलण्याची, मुलाशी घरीही तेच बोलण्याची. तिथल्या जाणत्या शिक्षकांचा सल्ला याच्या उलट आहे. ते सांगतात, बाई, घरी तुमची भाषा बोला, आणि भरपूर बोला. रात्री निजताना तुमच्याच भाषेतली गोष्ट वाचून दाखवा. शाळेत आज काय शिकलास, ते मुलाला तुमच्या भाषेत सांगू द्या. बी कसे रुजते हे फ्रेंचमध्ये शिकलेले मूल जेव्हा आईला इंग्रजीत समजावते, तेव्हा ते दोनदा शिकते. मुलाला फ्रेंच पुस्तक मोठ्याने वाचू द्या आणि शेजारी बसून ऐका. अर्थ कळला नाही तरी बिघडत नाही, उलट मूलच तुमचे गुरुजी होते आणि त्यात त्याला केवढा आनंद! आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा. पाहुणे आले की ‘बाळ, फ्रेंच बोलून दाखव’ असे म्हणू नका. पोपटाची परीक्षा घेतली की पोपट गप्प बसतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

या सल्ल्यामागे शास्त्रही आहे. टोरोंटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले की दोन भाषांची वरची फुले वेगळी असली तरी खाली मुळे गुंतलेली असतात. एका भाषेत वाचनाची, विचार करण्याची, कार्यकारण सांगण्याची जी ताकद येते, ती दुसऱ्या भाषेत आपोआप उपयोगी पडते. अक्षरांतून अर्थ काढायची कला मूल आयुष्यात एकदाच शिकते. म्हणून आईने आपल्या भाषेत वाचलेली गोष्ट फ्रेंचच्या खात्यावरही जमा होते.

हे स्नान निर्दोष मात्र नाही. मेरिल स्वेन आणि इतर अभ्यासकांनी दाखवले की अशी मुले समजण्यात तरबेज होतात, पण त्यांच्या बोलण्यात काही चुका घट्ट बसून राहतात. कारण उघड आहे. वर्गात अस्सल फ्रेंच बोलणारी एकटी बाई. बाकीची सारी एकमेकांच्या चुकाच ऐकणार. त्यातली एक मौज मराठी वाचकाला विशेष कळेल. फ्रेंचमध्ये आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. बाई प्रत्येक मुलाला ‘तू’ म्हणणार. म्हणून मुलांच्या तोंडी ‘तू’च बसतो, आणि मोठे झाल्यावरही अनोळखी वृद्धाला ती बेधडक ‘तू’ म्हणून जातात! आदराची भाषा एकट्या वर्गात शिकता येत नाही. त्यासाठी आजी लागते, दुकानदार लागतो, शेजारी लागतात. स्वेन यांचा आग्रह म्हणून असा की मुलांना नुसते ऐकवू नका. त्यांना बोलायला, लिहायला, अडखळायला आणि दुरुस्त करायला लावा.

आणखी एक प्रश्न शाळेपुढे असतो. अभ्यासात मंद मूल असेल तर? अनेक ठिकाणी अशा मुलांना हलकेच इंग्रजी वर्गात परत पाठवले जाते, आणि मग हे वर्ग हुशार व सुस्थित मुलांचेच होऊन बसतात, अशी तिथेही तक्रार आहे. मॅकगिलचे फ्रेड जेनेसी यांनी तपासले तेव्हा असे दिसले की अभ्यासात मागे असलेली मुले फ्रेंच वर्गातही इंग्रजीत तितकीच राहतात, जितकी इंग्रजी वर्गात राहिली असती. वर फ्रेंच शिकतात ती वेगळीच. तेव्हा अशा मुलाला गरज आहे ती अधिक मदतीची, हाकलून देण्याची नव्हे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर, मुलांना परक्या भाषेत टाकावे, ती पोहायला शिकतातच. थांबा. याच कॅनडात, याच भाषांनी, दुसरी एक गोष्ट घडली आहे. तिथल्या मूळ रहिवाशांची मुले एकोणिसाव्या शतकापासून घरातून उचलून निवासी शाळांत नेली गेली. तिथेही सारे शिक्षण परभाषेतच होते. पण घरची भाषा बोलली तर शिक्षा होई. आईबाप शेकडो कोस दूर. त्या मुलांनी एक भाषा मिळवली आणि एक कायमची गमावली, आणि भाषेबरोबर आजी, गोष्टी, देवधर्म सारेच गमावले. त्या अन्यायाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत क्षमा मागितली. स्नान आणि बुडून मरणे दोन्ही पाण्यातच होतात!

फरक कशात आहे, ते वॉलेस लँबर्ट यांनीच १९७४ साली नेमके सांगितले. एक द्विभाषिकता बेरजेची, दुसरी वजाबाकीची. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा सुरक्षित होती. रस्त्यावर तिला मान होता, पुस्तकांत ती होती, आईच्या तोंडी ती होती, आणि थोड्या उशिराने का होईना, ती शाळेतही येणार होती. त्या भक्कम जमिनीवर उभे राहून मुलांनी दुसरी भाषा घेतली. ती बेरीज झाली. निवासी शाळेतल्या मुलाच्या पायांखालची जमीनच काढून घेतली होती. तिथे वजाबाकी झाली. म्हणूनच ओटावाच्या लाटणेवाल्या आया आणि सेंट लँबर्टच्या अर्जवाल्या आया एकाच पक्षाच्या ठरतात. एकीने घरची भाषा शाळेतून हुसकावू दिली नाही. दुसरीने घरची भाषा राखून नवी भाषा मागितली. सेंट लँबर्टपासून जवळच, नदीच्या त्याच काठावर काह्नवाके नावाची मोहॉक लोकांची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात हीच रीत उचलली आणि आपल्या मुलांना स्वतःच्या, विसरत चाललेल्या मोहॉक भाषेत डुंबवायला सुरुवात केली. एकाच औषधाने इंग्रजी मुलाला परकी भाषा मिळते आणि मोहॉक मुलाला आपली हरवलेली भाषा मिळते.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हा हिशेब आता करावा लागतो. त्यांचे मूल फ्रेंच वर्गात जाते, मैदानावर इंग्रजी बोलते आणि घरी आल्यावर आजीशी मराठी बोलायचे की नाही, हे आईबापांवर असते. आणि इकडे, आपल्या गावात? इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घातले की अनेक घरांत आईबाप रात्री जेवताना त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. शाळेला मदत म्हणून! ‘वरण वाढू का’ एवढे साधे वाक्यही मराठीत विचारायचे नाही. शाळा कोणती निवडावी, हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न. त्यावर इथे निवाडा देत नाही. पण कॅनडाच्या साठ वर्षांच्या अनुभवाचा कौल घराच्या बाबतीत स्पष्ट आहे. शाळेची भाषा परकी असेल तितकी घराची भाषा अधिक भरघोस हवी, कारण मुलाची बेरीज होणार की वजाबाकी, ते तिथेच ठरते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मुलाला न्हाऊ घालते ती आधी तेल चोळून. तेल अंगात मुरल्यावर मग ऊन पाणी. भाषेच्या स्नानालाही हाच क्रम लागू आहे. हा अंक घरात आलाच आहे. फराळाचे डबे बंद झाले की नातवंडांना शेजारी बसवून यातले एखादे पान मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच एखादा शब्द त्यांना अडेल, ‘म्हणजे काय?’ असे विचारतील. तेव्हा घाई न करता सांगा, आणि त्यांनी तो शब्द पुन्हा वापरला की पुढचे पान उलटा.